सायकल कोणत्या उंचीची?

मंद्रूपच्या बहुतांशी सपाट रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलाला सायकल घेताना पालक म्हणतात, ‘मोठीच घ्या, पुढेही चालेल.’ इतिहास काय सांगतो ते आपण पाहू.

१८७०च्या दशकात पायडल थेट पुढच्या चाकाला असे. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा. म्हणून वेगासाठी चाक उंच केले. १.४ मीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ४.४ मीटर जाई, पण चाक अडले की स्वार डोक्यावर आपटे.

१८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ने साखळीने मागचे चाक फिरवले. पुढे ४४ व मागे २२ दाते असले, तर ०.७ मीटरचे चाकही तेवढेच अंतर तोडते. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले.

वेगासाठी उंची लागत नाही. म्हणून बसल्यावर पाय टेकतील अशीच सायकल घ्यावी, असे आम्ही सुचवतो. वर्गात दाते मोजून पाहा!