किल्ला, गोठा आणि पुट्झ: वेस्ट विंडसरमधला डिसेंबर

डिसेंबर लागला की मध्य न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक वाद हमखास निघतो: घरात ख्रिसमसचं झाड आणायचं की नाही? एक बाजू म्हणते, मुलांची हौस आहे, त्यात काय एवढं. दुसरी म्हणते, आपले सण काय कमी पडले? मग कुणीतरी ‘आधी दिवाळीचा कंदील उतरवा’ असं टाकून विषय बदलतं. तुम्ही इकडे राहत असाल तर हे सगळं तुम्ही वाचलं असेल, कदाचित लिहिलंही असेल.

या वादात मला रस आहे तो एका वेगळ्याच कारणासाठी. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: अमेरिकन लोकांचा नाताळ म्हणून एक जुनी, घडीव वस्तू इथे होतीच, आणि आपण उशिरा येऊन ती घ्यायची की नाही ते ठरवतोय. इतिहासाचे कागद उघडले की हे गृहीतक टिकत नाही.

वेस्ट विंडसरच घ्या. १७९७ साली ही टाउनशिप झाली तेव्हा इथे शेतं होती, ओढ्यांवरच्या गिरण्या होत्या. ‘डच नेक’ वस्तीतलं प्रेस्बिटेरियन चर्च एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. आता गंमत बघा. प्रेस्बिटेरियन परंपरेत नाताळ साजरा करणं मुळात बसतच नव्हतं. बायबलमध्ये तारीख सांगितलेली नाही, मग सण कसला, असा त्यांचा रोकडा सवाल. त्यांच्या मूळ भूमीत, स्कॉटलंडमध्ये, २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ पासून आहे! मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांनी तर १६५९ मध्ये कायदाच केला होता. नाताळ पाळताना सापडलात तर पाच शिलिंग दंड. तो कायदा १६८१ पर्यंत होता. म्हणजे ‘हा सण आपला नाही’ हे वाक्य या भूमीवर आपल्या आधी कितीतरी कडक आवाजात म्हटलं गेलं होतं, आणि म्हणणारे ख्रिस्ती होते.

मग झाड आलं कुठून? जर्मन स्थलांतरितांकडून, हे तुम्हाला माहीत असेल. पण ते घराघरात पोचवण्यात एका मासिकाचा मोठा हात आहे. १८४८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकाने व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवती उभं असलेलं चित्र छापलं. १८५० मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ने तेच चित्र घेतलं, राणीचा मुकुट खोडला, आल्बर्टच्या मिशा काढल्या, आणि एक साधं अमेरिकन कुटुंब तयार झालं. फोटोशॉपच्या दीडशे वर्षं आधीची ही करामत. या मासिकाची संपादक होती सारा जोसेफा हेल. थँक्सगिव्हिंगचा राष्ट्रीय दिवस असावा म्हणून वर्षानुवर्षं अग्रलेख आणि पत्रं लिहिणारी बाईही हीच; १८६३ मध्ये लिंकनने तशी घोषणा केली. म्हणजे नोव्हेंबरची कृतज्ञता आणि डिसेंबरचं झाड, दोन्ही एकाच संपादकीय टेबलावरून गेलेलं आहे.

पण मला तुम्हाला झाडापेक्षा झाडाखालची गोष्ट दाखवायची आहे.

वेस्ट विंडसरपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम नावाचं गाव आहे. मोरेव्हियन पंथाच्या जर्मनभाषक लोकांनी ते वसवलं, आणि १७४१ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्याचं नाव ठेवलं गेलं. या लोकांची एक घरगुती रीत आहे, पुट्झ. शब्द जर्मन, ‘सजवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. नाताळाआधी मुलं रानात जाऊन शेवाळ, दगड, झाडांची खोडं गोळा करतात. घरातल्या कोपऱ्यात त्याचे डोंगर, दऱ्या, पाण्याची तळी करतात. मधे येशूजन्माचा गोठा, आणि भोवती मेंढ्या, शेतकरी, घरं, पूल, जे हाताशी असेल ते. प्रमाणाचा पत्ता नाही, मेंढी घरापेक्षा मोठी असली तरी चालते. पुढे शेजाऱ्यांचे पुट्झ बघायला घरोघरी जायचं, आणि बघायला येणाऱ्यांच्या हातावर बिस्किटं ठेवायची.

ओळखीचं वाटलं ना? दगड-विटांचा ढीग, त्यावर मातीत बुडवलेलं गोणपाट, वर अळीव किंवा मोहरी पेरून आणलेली हिरवळ, माथ्यावर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, गुहेत तोफेपेक्षा मोठा वाघ, आणि खाली इतिहासाशी काही देणंघेणं नसलेली गवळण. दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या आळीतले किल्ले बघून ‘आपला भारी’ असं ठरवत फिरणं. मी पहिल्यांदा पुट्झचे जुने फोटो पाहिले तेव्हा शेवाळाच्या त्या डोंगरावर माझी नजर आपोआप बुरूज शोधत होती. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे स्पष्टच सांगते; ‘सगळं आमच्याकडूनच गेलं’ या थाटाचे फॉरवर्ड आधीच पुष्कळ आहेत. पण दोन्हीकडे काम एकच चाललंय. घरातल्या लहानांच्या हाती माती देऊन मोठ्यांनी जपलेली एक गोष्ट त्यांच्याकडून उभी करून घ्यायची.

आणि या दोघांच्या मधे एक तिसरा देखावा आहे, तो आपण हटकून विसरतो. वसईत, गोव्यात नाताळाला घरासमोर गोठा करतात. गवत, माती, कागदाचे डोंगर, वर चांदणी. गोव्यात कित्येक घरांत नाताळाच्या काही दिवस आधी नाचणी पेरतात, म्हणजे गोठ्याभोवती वेळेवर कोवळं हिरवं शेत तयार होतं. किल्ल्यावरचं अळीव आणि गोठ्याभोवतीची नाचणी यांत नातं शोधायला फार लांब जावं लागत नाही; नवरात्रात घटाभोवती धान्य पेरणारा हा सगळा एकच प्रदेश आहे. फराळाचं ताट शेजारच्या ख्रिस्ती घरी जातं आणि नाताळाला ते रिकामं परत येत नाही, हेही तिथलंच.

म्हणून ‘नाताळ मराठी नाही’ असं कुणी म्हटलं की माझ्यातली संशोधक जरा अस्वस्थ होते. ‘नाताळ’ हा शब्दच बघा, पोर्तुगीजांकडून आला आणि इतका मुरला की शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत दिवाळीशेजारी बसला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे छापलं गेलं, मराठी ओव्यांत. येशूजन्माची कथा त्यात आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. हिशोब तुम्हीच करा. गोव्यातल्या या साहित्यामागे पोर्तुगीज सत्तेचा आणि धर्मांतरांचा कठोर इतिहास आहे, तो झाकायचं कारण नाही. पण तो मान्य करूनही वसईच्या आजीचा गोठा मराठी संस्कृतीच्या बाहेर काढता येत नाही.

परत वेस्ट विंडसरला येऊ. रूट वनवरच्या आरसीएच्या प्रयोगशाळा १९४२ पासून इथे होत्या, प्रिन्स्टन जंक्शनचं रेल्वे स्टेशन होतं, आणि १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने आशियातून येणाऱ्या शिकलेल्या लोकांना दार उघडलं. १९८० च्या जनगणनेत इथे साडेआठ हजार लोक होते, २०२० मध्ये साडेएकोणतीस हजार. या वाढीत भारतीय कुटुंबं किती, ते शनिवारी कुठल्याही किराणा दुकानात जाऊन बघा. या कुटुंबांपुढचा प्रश्न तत्त्वाचा कमी आणि कॅलेंडरचा जास्त होता. दिवाळी यायची मंगळवारी, दुसऱ्या दिवशी मुलाची गणिताची परीक्षा, बाहेर पाच वाजता अंधार, आणि माती गारठलेली. अनेक स्कूल डिस्ट्रिक्टांनी दिवाळीची सुट्टी द्यायला सुरुवात केली ती बरीच अलीकडे. निवांत, सलग, सगळे घरात असे दिवस मिळायचे ते डिसेंबरच्या शेवटीच. मग घरातलं हातकाम तिकडे सरकलं. मी पाहिलेल्या दोन-तीन घरांत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा किल्ला दिवाळीला गराजमध्ये अर्धा होतो आणि पुरा होतो तो नाताळच्या सुट्टीत, दिवाणखान्यात, झाडाशेजारी. एका घरी महादरवाजासमोरून खेळण्यातली आगगाडी जाते.

ती आगगाडीही एका स्थलांतरिताच्या मुलाची. लायनेल कंपनी १९०० मध्ये सुरू करणारा जोशुआ लायनेल कोवेन ज्यू कुटुंबातला होता, आणि त्याच्या गाड्या पुढे न्यू जर्सीतच तयार व्हायच्या. ख्रिसमसच्या झाडाखाली रेल्वे हवीच, हे अमेरिकेला पटवणाऱ्यांत तो पुढे होता. किल्ल्यासमोर ती शोभते की नाही, हा मुद्दा वेगळा.

एका बाबतीत मात्र आपण खरोखर अडखळतो, आणि ते झाड नव्हे. ते आहे आभार. डिसेंबरच्या सुट्टीआधी शाळेत मुलं कार्डं करतात: बाईंना, बसच्या ड्रायव्हरकाकांना, आईबाबांना, आजीला. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीच्या हातात नात चकाकी लावलेलं ‘थँक यू आजी’ देते, आणि आजी हसते खरी, पण म्हणते, ‘अगं, घरच्यांचे कसले आभार?’ तिला कौतुक नाही असं नव्हे. आपल्याकडे आभार हे परक्याचे मानतात. कार्यक्रमाच्या शेवटी, लोक चपला शोधत असताना, आभारप्रदर्शन होतं. आणि तिथेही वक्ता म्हणतो की आभार मानून मला ऋणातून मोकळं व्हायचं नाही. घरात ऋण शब्दांनी फिटत नाही, नात्याने वागवलं जातं. अमेरिकन कार्ड म्हणतं, तू केलंस ते माझ्या लक्षात आलं. आजी म्हणते, लक्षात आणून देण्याइतकी मी लांबची कधी झाले?

या अडखळण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण याच परिसरातून जातं, आणि ते इथल्या मराठी लोकांनाही फारसं ठाऊक नसतं. कोल्हापुरात दीर्घकाळ राहिलेले मिशनरी रॉयल वाइल्डर (तिथलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं) निवृत्तीनंतर प्रिन्स्टनला स्थायिक झाले, म्हणजे वेस्ट विंडसरच्या अगदी शेजारी. तिथून त्यांनी ‘मिशनरी रिव्ह्यू’ काढलं. पत्नीला अमेरिकेत शिकवण्यासाठी मदत मागणारं गोपाळराव जोशींचं पत्र त्यातच छापलं गेलं, सोबत ख्रिस्ती व्हा असं सुचवणाऱ्या उत्तरासह. न्यू जर्सीतल्याच रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी तो अंक दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना वाचला, आणि धर्मांतराचा विषयही न काढता आनंदीबाईंना पत्र लिहिलं. तीन वर्षं पत्रं चालली. जून १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई रोझेलला कार्पेंटरांच्या घरी उतरल्या. धर्म बदलला नाही, साडी सोडली नाही, आणि थिओडोशियाबाईंना त्या म्हणायच्या ‘मावशी’.

यजमानीण नाही, उपकारकर्ती नाही, मावशी. मराठीत यापेक्षा मोठं आभारप्रदर्शन मला माहीत नाही.

मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. गोपाळरावांनी त्यांची रक्षा मावशीकडे पाठवली. कार्पेंटरांनी ती न्यूयॉर्क राज्यात पुकिप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली आणि वर दगड बसवला. तो दगड अजून आहे. वेस्ट विंडसरहून गाडीने साधारण अडीच तास लागतात. नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर हातमोजे न्या, आणि बर्फ पडलं असेल तर दगड शोधायला थोडा वेळ हाताशी ठेवा.