पन्हळीतून धावणारी गाडी

अमेरिकेत पेन्सिल्वेनिया राज्यात एलिसबर्ग नावाचं एक लहानसं गाव आहे. सगळा कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९६२ पासून जमिनीखाली पेटलेल्या खाणीमुळे ओस पडलेलं सेंट्रेलिया इथून फार लांब नाही. या एलिसबर्गजवळ, झाडीत, ओढ्याच्या काठी कनोबेल्स नावाचं अम्युझमेंट पार्क आहे. 'नाइफ'मधला के गिळायचा असतो हे शाळेत घोकून घोकून आपण शिकलो, पण इथे तो के स्वच्छ उच्चारायचा. 'नोबेल्स' म्हणालात की समोरचा ओळखतो, पाहुणे बाहेरगावचे दिसतात!

या पार्कची गोष्ट मला बरेच दिवस सांगायची होती. कारण अगदी साधं आहे. रोलर कोस्टर बनवणाऱ्या कंपन्या असतात, पार्कवाले त्यांच्याकडून तो विकत घेतात, जसं आपण फ्रीज घेतो तसं. या लोकांना जो हवा होता तो जगात कोणीच विकत नव्हतं. मग त्यांनी तो घरीच बनवायला घेतला. आणि त्यात सात वर्षं गेली.

आधी तो होता काय ते सांगते. जत्रेतला 'मौत का कुआं' आठवतोय ना? लाकडी फळ्यांची ती गोल विहीर आणि तिच्या भिंतीवर आडवी होऊन फिरणारी मोटारसायकल. वेग असेपर्यंत भिंत हीच जमीन. आता ती विहीर उभी चिरून, लांब ओढून, वाकवून तिची पन्हळ केली आहे अशी कल्पना करा. कौलांच्या खाली लावतो तशीच पन्हळ, फक्त माणसं बसलेली गाडी मावेल एवढी मोठी. तिच्यात रूळ नाहीत. गाडी चाकांवर मोकळी सुटलेली. वळण आलं की ती आपोआप पन्हळीच्या भिंतीवर चढते, वळण संपलं की खाली उतरते. किती चढायचं हे तिचं तीच ठरवते. नाव 'फ्लाइंग टर्न्स'.

ही कल्पना जॉन नॉर्मन बार्टलेट या ब्रिटिश माणसाची. पहिल्या महायुद्धातला हा वैमानिक. विमान वळताना एका अंगावर कलतं, ते कलणं जमिनीवर लोकांना अनुभवायला द्यावं असं त्याच्या मनात असणार. युद्धानंतर तो अमेरिकेकडे आला आणि त्याने जॉन मिलरला गाठलं. मिलर म्हणजे रोलर कोस्टरच्या दुनियेतला विश्वकर्माच. आजही कोस्टरची गाडी रुळावरून उडून जात नाही, कारण तिला रुळाच्या खालून पकडणारी जादा चाकं असतात. ती मिलरची देणगी. म्हणजे गाडीला रुळाशी कायमचं जखडून ठेवणाऱ्या माणसानेच रूळ नसलेला कोस्टर बांधायला हात लावला. मला ही गोष्ट फार आवडते. १९२९ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन शहरात लेकसाइड पार्कमध्ये पहिला फ्लाइंग टर्न्स उभा राहिला. मग १९३० मध्ये क्लीव्हलंडच्या युक्लिड बीच पार्कमध्ये, १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आणि आणखी काही ठिकाणी.

पुढे जे झालं ते बऱ्याच जुन्या गोष्टींचं होतं. ही पार्क्स शहराच्या टोकाला, ट्रामने जाण्याची ठिकाणं. घरोघरी मोटारी आल्या, जमिनीला भाव आला आणि एकेक पार्क बंद पडत गेलं. युक्लिड बीच १९६९ च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं आणि त्याच्याबरोबर तिथला फ्लाइंग टर्न्सही. त्यानंतर लाकडी पन्हळीतून धावणारी गाडी कुठेच उरली नाही. १९८० च्या दशकात युरोपातल्या कंपन्यांनी पोलादी पन्हळीतले बॉबस्लेड कोस्टर आणले खरे, पण लाकडाचं काम लाकडाबरोबर गेलं ते गेलंच.

आता परत कनोबेल्सकडे. या कुटुंबाचा मूळ धंदा लाकडाचा. ओढ्यात पोहायला लोक येत, त्यातून ४ जुलै १९२६ ला पोहण्याचा तलाव सुरू झाला आणि हळूहळू पाळणे, घोडे वगैरे जमत गेले. आत जायला पैसे नाहीत. गाडी उभी करायला पैसे नाहीत. ज्या खेळात बसायचं त्याचंच तिकीट फाडायचं, आपल्या जत्रेसारखं. डिस्नेची सवय असलेल्यांना आधी कुठेतरी पैसे द्यायचे राहून गेले की काय अशी हुरहुर लागते.

आणि यांना एक खोड. दुसऱ्यांनी टाकून दिलेलं उचलून आणायचं. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियो इथलं प्लेलँड पार्क १९८० मध्ये बंद पडलं, तिथे 'रॉकेट' नावाचा लाकडी कोस्टर नुसता उभा होता. कनोबेल्सने तो सोडवला. नकाशे हाताशी नव्हते, म्हणून फळीफळीवर खुणा करून, क्रमांक घालून सगळं लाकूड पेन्सिल्वेनियात आणलं आणि १५ जून १९८५ ला त्याचं 'फीनिक्स' असं बारसं करून चालू केलं. एवढा मोठा लाकडी कोस्टर असा उचलून नेता येतो यावर तोवर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. (जुन्या वाड्याचं सागवान क्रमांक घालून काढतात आणि दुसरीकडे उभं करतात, तसंच हे. फक्त या वाड्यावरून गाडी धावणार होती.) कोस्टरवेड्यांच्या २०१८ सालच्या 'गोल्डन तिकीट' पुरस्कारात जगातला सर्वोत्तम लाकडी कोस्टर ठरला तो हाच.

पुढचा डाव आणखी मोठा होता. डेन्व्हरच्या एलिच गार्डन्समध्ये 'मिस्टर ट्विस्टर' नावाचा नामांकित कोस्टर होता, जॉन ॲलन यांनी १९६४ च्या सुमारास बांधलेला. १९९४ मध्ये ते पार्क जागा बदलून शहराच्या मध्यात गेलं आणि कोस्टर मागे राहिला. तो उचलून आणण्याच्या स्थितीत नव्हता. मग कनोबेल्सच्या जॉन फेटरमन यांनी मूळ नकाशे समोर ठेवून आपल्या जागेत मावेल अशी नवी आखणी केली. (पेन्सिल्वेनियाचे पुढे सिनेटर झालेले जॉन फेटरमन ते वेगळे बरं का! एकाच राज्यात एकाच नावाचे दोन प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे फारच झालं.) जागा अपुरी, म्हणून गाडी वर नेणारा चढ त्यांनी मधोमध तोडून दोन टप्प्यांत केला. १९९९ मध्ये 'ट्विस्टर' सुरू झाला. म्हणजे पार्कच्या स्वतःच्या माणसांनी आखलेला, स्वतः बांधलेला कोस्टर.

आधी दुसऱ्याचं काम फळीफळीने सोडवून पुन्हा जोडलं, मग दुसऱ्याच्या नकाशावरून स्वतः बांधलं. शिकण्याचा हा क्रम मला अगदी सुताराच्या घरातला वाटतो. म्हणून २००६ मध्ये त्यांनी फ्लाइंग टर्न्स बांधायला घेतला तेव्हा हे लोक हौशी नक्कीच नव्हते. दोन मोठे लाकडी कोस्टर त्यांच्या हाताखालून गेले होते. २००७ मध्ये उघडू असा बेत होता.

पन्हळ उभी राहिली. होडीच्या फासळ्या असतात तशा गोल लाकडी फासळ्या आणि त्यांवर लांबीच्या दिशेने वाकवून बसवलेल्या पट्ट्या. आतून बघितलं तर लांबलचक पिंपाच्या पोटात शिरल्यासारखं. हे काम त्यांना जमणारच होतं. अडलं ते गाडीशी, त्यातही चाकांशी.

इथे थोडं गणित सांगते, घाबरू नका. नेहमीच्या कोस्टरमध्ये वळणावर रूळ किती कलता ठेवायचा हे बांधणारा आधीच ठरवतो. गाडीला मत नसतं. पन्हळीत मात्र गाडी स्वतः किती वर चढणार हे तिच्या वेगावर आणि वळण किती आवळ आहे यावर ठरतं. त्यातही वेग नुसता नाही, वेगाचा वर्ग. वेग एक दशांशाने वाढला की बाहेर फेकणारा जोर एक पंचमांशाने वाढतो. गंमत म्हणजे या समीकरणात वजन कुठेच नाही, दोन्ही बाजूंनी कटून जातं. पुस्तकाच्या हिशेबाने गाडीत दोन पोरं बसली काय नि दोन पैलवान बसले काय, गाडी सारखीच चढायला हवी.

पण गाडी पुस्तकावर धावत नाही, चाकावर धावते. चाक आणि लाकूड यांच्यात घर्षण आहे, समोरून हवा आहे, आणि या दोन्हींना मिळून भरलेली जड गाडी कमी दाद देते. ती वेग टिकवून धरते आणि वर चढते. हलकी गाडी रेंगाळते आणि खालून जाते. चाक जरा कडक घेतलं तर वेग वाढणार, मऊ घेतलं तर कमी होणार, दुपारच्या उन्हात पुन्हा निराळं. शिवाय इथे चाकाला नुसतं पुढे जायचं नाही, वळणावर पन्हळीच्या भिंतीवर आडवंही सरकायचं आहे. रुळावरच्या चाकाला हे कधी करावंच लागत नाही, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या चाकांना या कामाची सवयच नव्हती. एक गोष्ट बदलली की पुढच्या सगळ्या वळणांचा हिशेब बदलायचा.

नकाशातून पन्हळीचा आकार समजतो. युक्लिड बीचवर रोज सकाळी पहिली गाडी सोडणाऱ्या माणसाला जे कळत असेल, की आज दमट आहे, आज गाडी जरा अंगात आल्यासारखी करणार, ते कुठल्या नकाशात असणार? अशा माणसांचं हातातलं शहाणपण १९६९ नंतर कोणाच्या उपयोगाचं राहिलं नाही. कनोबेल्सला हरवलेलं यंत्र नव्याने बांधायचं होतंच, पण ते चालवणारा माणूसही नव्याने घडवायचा होता, तोही रिकाम्या गाड्या सोडून सोडून. आपल्याकडे आजीची पाककृती वहीत असते, 'मीठ अंदाजाने' असं लिहिलेलं. तो अंदाज आजीबरोबर जातो. तसं.

२००७ गेलं. २००८ गेलं. पन्हळ तयार उभी, लोक पार्कमध्ये येऊन तिच्याखालून जातायत, वर बघतायत, आणि ती बंद. चाकं बदलली, गाड्यांवर पुन्हापुन्हा काम झालं. वर्षामागून वर्ष 'यंदा नक्की' म्हणायचं आणि यंदाही नाही. कोस्टरवेड्या मंडळींमध्ये तर हा थट्टेचाच विषय झाला होता. पैसा अडकलेला, वर हसू. तरीही त्यांनी अर्धवट भरवशावर माणसं बसवली नाहीत आणि लाकूड उकलून विकूनही टाकलं नाही. मला यात त्या फुकट प्रवेशाचा मोठा वाटा दिसतो. दारावर जबर तिकीट लावणाऱ्या पार्कला दरवर्षी काहीतरी नवीन दाखवावं लागतं, आणि शेअर बाजारातल्या कंपनीला तर दर तीन महिन्यांनी. इथे लोक बटाट्याचे काप खायला आणि मुलांना घोड्यावर बसवायला येतच होते. एक खेळ बंद आहे म्हणून कोणाचे पैसे बुडत नव्हते. शिवाय मालक घरचेच. स्वतःच्या हट्टाचा जाब स्वतःलाच द्यायचा. अर्थात हा आपला माझा तर्क.

अखेर ४ ऑक्टोबर २०१३ ला फ्लाइंग टर्न्स उघडला. हंगाम संपत आलेला, झाडांची पानं रंगलेली. उंची जेमतेम ५० फूट, लांबी सुमारे १३०० फूट, वेग ताशी ४० किलोमीटरच्याही आत. हल्लीच्या कोस्टरपुढे हे आकडे म्हणजे लिंबूटिंबू. एवढ्याशासाठी सात वर्षं, असं आमच्या घरातही एकाने विचारलं. पण बसल्यावर कळतं. साखळीचा खडखडाट थांबतो, गाडी सुटते, आणि पहिल्या वळणावर ती भिंतीवर चढते तेव्हा पोटात जे होतं ते उंचीने होत नाही. आपल्याला कोणी धरलेलं नाही, हे कळल्याने होतं.

एक राहिलंच. एका डब्यात दोघं बसतात, एकामागे एक, आणि दोघांचं मिळून वजन ४०० पौंडांच्या, म्हणजे साधारण १८१ किलोंच्या आत असावं लागतं. ते समीकरणातून कटलेलं वजन इथे असं परत येतं. त्यामुळे जोड्या लावताना रांगेत बरीच कुजबुज चालते. पेन्सिल्वेनियात पाळण्यांची आणि कोस्टरची सरकारी तपासणी शेतकी खात्याकडे असते, आणि त्या खात्याचा जो विभाग ती करतो तोच दुकानांतली वजनमापंही तपासतो. हे ऐकल्यावर आमच्या मामी म्हणाल्या, "मग काटा बरोबर असणार. मी नाही चढत."