विकत घेतलेला खेळ कुणाचा?

३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले. डिसेंबर २०१४मध्ये आलेल्या या खेळात छोट्या आकारात उभी केलेली अख्खी अमेरिका गाडीने पालथी घालता येई. मात्र एकट्याने खेळायचे तरी इंटरनेट लागे. त्यामुळे रीतसर पैसे मोजून डिस्क घेतलेल्यांच्या हातीही नुसती चकती उरली.

आमच्या पिढीला हे चमत्कारिक वाटते. टीव्हीला जोडायच्या गेमची कॅसेट फुंकर मारून बसवली की चाले. बनवणारी कंपनी हयात आहे की बुडाली, याच्याशी तिला कर्तव्य नसे.

एप्रिल २०२४मध्ये रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. सर्व्हर कायम चालू ठेवा, असे तिचे म्हणणे नाही. बंद करताना खेळ चालण्याजोगा करून द्या, एवढेच. जुलै २०२५पर्यंत युरोपीय आयोगापुढे ठेवायच्या तिच्या निवेदनावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. खेळासाठी इतकी माणसे सही करतील, हे मला तरी खरे वाटले नसते.

विकतो तो खेळ नव्हे, परवाना, हे कंपन्यांच्या करारातल्या बारीक अक्षरांत आधीपासून होतेच. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने १ जानेवारी २०२५पासून ते विक्रीच्या वेळीच ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक केले.