मोडीचे खिळे

अमरावती किंवा अकोला येथील जुन्या घरांत पणज्याच्या वेळचे कागद अजून निघतात. भाषा मराठी, मजकूर आपल्याच शेतावाडीचा. पण घरांतील पदवीधरास त्यांतील एक ओळहि लागत नाहीं, कारण ते मोडींत आहेत.

मोडी ही वेगाची लिपि. लिहिणारा प्रथम कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग बोरू शक्य तोंवर न उचलतां तिच्याखालीं अक्षरें गुंफीत जाई. शब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्हें नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं. यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें ती लंकेहून आणली, ही कथा मनोरंजक आहे इतकेंच. दप्तराची घाई हीच तिची खरी जननी, असें आम्हांस वाटतें. वऱ्हाडांत तर निजाम व नागपूरकर भोसले यांची दोअंमली होती. धनी दोन, म्हणजे हिशेबहि दोन. बोरूस उसंत कोठली?

अशा लिपीचे खिळे पाडण्याचें धाडस झालें तें दूर बंगाल्यांत. श्रीरामपूरच्या विल्यम केरीचें १८०५ सालचें मराठी व्याकरण देवनागरींत छापलें होतें. १८१० सालचा कोश मात्र मोडी टाइपांत निघाला. त्याचा साहाय्यक वैजनाथ पंडित यानें रचलेली भोसल्यांची वंशावळीहि तेथेंच मोडींत छापली गेली. १८०३ सालीं अडगांवची लढाई व गाविलगडचा पाडाव होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलें होतें. त्यास तेव्हां दीड तपहि लोटलें नव्हतें.

परंतु खिळा पडला सुटा. हातानें जेथें एक अक्षर दुसऱ्यांत मिळून जातें, तेथें शिशाचे दोन तुकडे शेजारीं बसवावे लागतात. शिवाय मोडींत काना, वेलांटी, उकार लागतांच कित्येकदां अक्षराचें रूपच पालटतें. त्या प्रत्येक रूपाला निराळा खिळा हवा. शिळाछापांत ही अडचण नाहीं, दगडावर लेखकाचेंच वळण उतरतें. म्हणून पुढें शाळेचीं मोडी पुस्तकें शिळाछापावर निघालीं. ग्रंथ मात्र बालबोधीच्या खिळ्यांनीं काबीज केले. मोडी दप्तरांत उरली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळेंतूनहि गेली.

बालबोध स्वीकारली हें योग्यच झालें. पण लिपि सोडणें निराळें आणि ती वाचणारे डोळे गमावणें निराळें. २०२३ सालीं मराठवाड्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां मोडी जाणणारांची केवढी शोधाशोध झाली! २०१४ सालीं युनिकोडांत मोडीस स्थान मिळालें. शेजारचें अक्षर पाहून रूप पालटण्याची सोय संगणकाच्या टाइपांत असते, त्यामुळें शिशास न साधलेलें वळण त्यास साधेल. तथापि तो टाइप नवी मोडी लिहील. जुनी वाचून देणार नाहीं.

आमचें मत असें कीं, इतिहास घेऊन बी. ए. होणाऱ्या वऱ्हाडी विद्यार्थ्यानें सहा महिने तरी मोडी गिरवावी, नुसती वाचूं नये. आरंभ सुबक चिटणिसी वळणाच्या पत्रांनीं करावा. कुळकर्ण्यांच्या घाईच्या टिपणांस मागाहून हात घालावा.