जामखेडला औषधाबरोबर वैद्यकही वाटले गेले

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले, तेव्हा तालुका दुष्काळी होता आणि तान्ह्या मुलांचे मृत्यू ही घरोघरची गोष्ट होती. दोघेही वेल्लोरला शिकलेले. आधी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये त्यांनी काम केले होते आणि तिथेच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. जुलाब, कुपोषण, धनुर्वात, बाळंतपणातला रक्तस्राव असे आजार घेऊन माणसे येत, बरी होऊन घरी जात आणि काही महिन्यांत त्याच तक्रारी घेऊन परत येत. दवाखान्यात उपचार होत होता, पण आजार जिथे जन्मत होता त्या घरात काहीच बदलत नव्हते. जामखेडमध्ये त्यांनी जे केले त्याची नोंद सहसा सेवाभावाची कहाणी म्हणून घेतली जाते. मला ती वैद्यकाच्या इतिहासातली एक महत्त्वाची घटना वाटते. रुग्णाला समजावून सांगणे हे डॉक्टरचे सौजन्य नसून उपचाराचाच भाग आहे, हे महाराष्ट्रात इतक्या ठळकपणे पहिल्यांदा जामखेडने दाखवून दिले.

सुरुवातीला त्यांनीही रूढ वाटच धरली होती. शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या. बाहेरगावची एकटी तरुण मुलगी गावात रुजेना आणि गावच्या बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलेनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. या बायका बहुतेक निरक्षर होत्या, त्यांतल्या अनेक दलित वस्तीतल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एखादा विषय शिकत आणि गावी परतल्या की तो इतरांना सांगत. विषय दिसायला साधे, पण जिवावरचे होते. गरोदरपणी पोटभर जेवले तर बाळाला जागा उरत नाही, पहिला चीक बाळाला पाजू नये, जुलाब लागलेल्या मुलाला पाणी देऊ नये, या समजुती बायकांनी आपल्या आयांकडून घेतलेल्या होत्या. त्या वेडेपणातून आलेल्या नव्हत्या. ज्यांना दुसरे काही सांगायला कोणी आलेच नाही, त्यांनी अनुभवातून बांधलेली ती उत्तरे होती, आणि म्हणूनच नुसते ‘चूक आहे’ म्हणून ती पुसली जाणार नव्हती.

जुलाबाचेच पाहा. मुलाची टाळू खोल गेली, जीभ कोरडी पडली, रडताना डोळ्यांत पाणी येईना, की शरीरातले पाणी आटत चालले आहे हे ओळखायचे. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालायचे. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते टाकून पुन्हा करायचे. मग थोडे थोडे पाजत राहायचे. एवढे ज्या आईला येते, तिच्या मुलाच्या जगण्यामरण्याचा निर्णय बऱ्याचदा तिच्याच ओट्यावर होतो. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइनच्या बाटल्या पुरेनात, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. पटकीत एरवी शंभरातले वीस-तीस दगावत. तिथे हे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आले. पाजणारे हात आई-बापांचे आणि भावंडांचे होते.

जामखेडच्या प्रकल्पातल्या गावांत 1971 साली हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत होती. 1990च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. यावर पहिली हरकत रास्त आहे: हे श्रेय ज्ञानाचे कशावरून? त्याच काळात हातपंप आले, मुलांना पूरक आहार मिळू लागला, रोजगार हमीची कामे निघाली. हे सगळे खरे आहे आणि नुसत्या माहितीने पोट भरत नाही हेही खरे. पण हातपंप कुठे बसवायचा हा प्रश्नही तिथे आरोग्याचाच ठरला आणि पंप दलित वस्तीत बसले. ज्या वस्तीला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, तिच्याकडे सारा गाव पाण्याला येऊ लागला. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे आजाराची कारणे समजून घेत, म्हणून पाण्याचा आणि धान्याचा विषय लावून धरत. ज्ञान आणि साधने यांना वेगळे काढून कोणाचा वाटा किती हे मोजायला गेलो, तर जामखेडात जे घडले तेच नजरेआड होते.

दुसरी हरकत डॉक्टरांची आणि ती अजून कानी पडते: अर्धवट ज्ञान घातक असते. तिचे उत्तर गडचिरोलीने आकड्यांत दिले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांतल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवले. बाळाचे वजन करायचे, श्वास मोजायचा, अंग गार पडले का पाहायचे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायची आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शनही द्यायचे. आयांना आणि आज्यांना धोक्याच्या खुणा शिकवल्या. तुलनेला 47 गावे होती. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले होते आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले होते. ज्ञान थोडे असले तरी नेमके होते, त्यावर देखरेख होती, आणि कुठे थांबून दवाखाना गाठायचा हेही त्यातच शिकवलेले होते. घातक ठरते ती अशी सीमा न शिकवता दिलेली माहिती. आणि मुळीच माहिती न देणे किती घातक होते, हे 176 या आकड्यात दिसते.

तिसरी हरकत मला सर्वांत गंभीर वाटते. तुमचे आरोग्य तुमच्या हाती, असे म्हणत सरकार आपली जबाबदारी गरिबाच्या खांद्यावर ढकलेल, ही भीती खोटी नाही. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगाव ‘आशा’ या आरोग्य कार्यकर्त्या आल्या. त्यामागे जामखेड-गडचिरोलीसारख्या कामांचा अनुभव होता. पण आशाताईंना पगाराऐवजी कामागणिक मोबदला ठरला, आणि त्यांचा दिवस नोंदी भरण्यात व बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवण्यात जाऊ लागला. गावाला शिकवायला त्यांना सवड उरली नाही. हा दोष कल्पनेचा नाही. बाईचे कष्ट घेतले आणि तिचे शिक्षण व अधिकार मागे टाकले, त्याचा हा परिणाम आहे. रुग्णाने जाणते व्हावे असे म्हणणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे बंधनकारक मानले पाहिजे, नाहीतर जाणतेपणाचा नुसता भारच होतो.

ही बांधिलकी आज निदान कागदावर आलेली आहे. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उपचार कोणता, त्यात धोका काय, पर्याय कोणते हे पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यास उपचाराची कागदपत्रे 72 तासांत द्यावी लागतात. महाराष्ट्राच्या 2021 च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितले आहे. आपल्या माणसाला दाखल कराल तेव्हा ती सनद वाचा, न दिसल्यास विचारा, आणि डिस्चार्जच्या दिवशी सगळ्या तपासण्यांच्या कागदांची प्रत मागून घ्या.