नट आवळण्याची विद्या

लोणच्याच्या बरणीस दादरा बांधतांना गृहिणी कापड एकाच बाजूनें ओढीत नाहीं. चहूं बाजूंनीं सारखें ताणून मगच दोरी आवळते. या साध्या युक्तीचा शास्त्रशुद्ध नियम व्हावयास यंत्रयुगाला मात्र दीर्घ काळ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जवळजवळ प्रत्येक बोल्टाचे आटे निराळे असत. यंत्र उघडलें कीं कोणता नट कोणत्या बोल्टाचा, याची खूण करून ठेवावी लागे. जोडी चुकली तर काम अडे. लंडनच्या हेन्री मॉड्स्लेनें १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारें लेथ-यंत्र सिद्ध केलें. त्याच्याच कारखान्यांत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें ठिकठिकाणचे स्क्रू गोळा करून त्यांचीं मापें ताडून पाहिलीं, आणि १८४१ मध्यें सर्वांसाठीं एकच प्रमाण सुचविलें : आट्याचा कोन ५५ अंशांचा, व प्रत्येक जाडीस इंचामागें ठराविक आटे. हें प्रमाण रूढ झालें तसा कोणताही नट त्याच मापाच्या कोणत्याही बोल्टावर बसूं लागला.

पण नट बसणें निराळें आणि सांधा टिकणें निराळें. १९१३ मध्यें जर्मनींत ओप्पाउ येथें कार्ल बॉश याच्या देखरेखीखालीं अमोनियाचा कारखाना सुरू झाला. तेथें दाब सुमारें २०० वातावरणांइतका असे. एवढा दाब एक फूट व्यासाच्या झाकणावर पडला, तर तें उडवूं पाहणारा जोर सुमारें १५० टन भरतो! असें झाकण बोल्टांनीं बसविलें, तर तो सारा जोर बोल्टांनींच पेलावयाचा.

अशा वेळीं बोल्ट स्प्रिंगसारखा वागतो. नट आवळला कीं तो किंचित् लांबतो, आणि पूर्ववत् होण्याच्या ओढीनें सांध्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून ठेवतो. ताण कमी पडला तर वायु निसटतो. अति झाला तर बोल्ट कायमचा लांबतो किंवा तुटतो. एक बाजू आधींच पुरी आवळली, तर मधलें गॅस्केट तेथें चिरडतें व समोर फट राहते. म्हणून समोरासमोरचे नट आळीपाळीनें, थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत आवळावयाचे, व शेवटीं ओळीनें पुन्हां तपासावयाचे. कारण एक नट आवळतांच शेजारचा सैल पडूं शकतो.

नुसत्या मनगटावर भिस्त ठेवणेंही धोक्याचें. पान्यावर लावलेल्या जोराचा सुमारें नऊ दशांश भाग घर्षणांतच खर्ची पडतो. आटे कोरडे आहेत कीं तेल दिलेले, एवढ्यानेंही ताण बदलतो. म्हणून पुढें तेलाच्या दाबानें बोल्ट सरळ ताणून मग नट बसविण्याचीं साधनें आलीं.

आट्यांचें माप १८४१ मध्यें पुढें आलें. पण दाबाखालील सांधे कसे आवळावे याविषयींची स्वतंत्र मार्गदर्शिका अमेरिकेंतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेनें काढली, ती २००० मध्यें. लोखंडाचें माप लौकर ठरलें; हाताचें माप कागदावर यावयास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. मधल्या काळांत तें बहुतांशीं जाणत्या फिटरच्या मनगटांतच राहिलें, आणि यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसांचे प्राण त्या मनगटावर विसंबून होते.