लौकिक आणि धावसंख्या : कर्नल सी. के. नायडू

खेळाडूचा लौकिक आणि त्याची कामगिरी यांचे माप एकच असते असे नाही. कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू (१८९५–१९६७) यांच्या बाबतीत ही तफावत विशेष डोळ्यांत भरते.

नागपुरात जन्मलेल्या नायडूंनी १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर, गिलिगन यांच्या एम्. सी. सी. संघाविरुद्ध, हिंदू संघाकडून खेळताना १५३ धावा काढल्या. दोन तासही न पुरलेल्या त्या खेळीत ११ षट्कार होते. तेव्हापासून नायडू म्हणजे षट्कार, हे समीकरण लोकांच्या मनात रुजले. आणि प्रेक्षक एकदा षट्कार पाहून तृप्त होत नसतो, तो पुढच्या खेपेस अकराच मागतो! दुबळ्या संघाचा डाव सावरू पाहणाऱ्या कर्णधारास ही मागणी परवडणारी नव्हती.

कसोटीतील त्यांचा हिशेब बेताचाच आहे : ७ सामने, ३५० धावा, सरासरी २५, शतक एकही नाही. एवढ्यावरून त्यांची लोकप्रियता अवाजवी ठरविणे मात्र न्याय्य नव्हे. १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा कर्णधार नायडू ३६ वर्षांचे होते. पहिल्या डावातील त्यांच्या ४० धावा संघात सर्वाधिक ठरल्या. त्या दौऱ्यात प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनी १,६१८ धावा काढल्या आणि ६५ बळी घेतले.

तथापि हा लौकिकही नेतृत्व राखण्यास पुरेसा ठरला नाही. १९३६ च्या दौऱ्याचे कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. पैसा व प्रतिष्ठा यांच्या बळावर प्रसिद्धी मिळविता येते, धावा मिळत नाहीत : तीन कसोट्यांत मिळून महाराजकुमारांनी ३३ धावा केल्या. पदावरून दूर झालेल्या नायडूंनी त्याच दौऱ्यात ओव्हलवर ८१ धावा काढल्या. कसोटीतील त्यांची हीच सर्वोच्च खेळी.

१९४१ मध्ये बाथगेट लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत नायडूंचे नाव झळकले. भारतीय क्रिकेटपटूने मालाची भलावण केल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. पंचेचाळिशीतील खेळाडूचे नाव बाजारात गेले की त्याची बॅट विसावली, असे समजण्याचा प्रघात आहे. नायडूंच्या बाबतीत क्रम उलटा दिसतो. १९४५-४६ च्या रणजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी होळकर संघाकडून बडोद्याविरुद्ध २०० धावा काढल्या. आणि १९५६-५७ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशाकडून खेळताना अर्धशतक पूर्ण केले.